इंजिन मागाहून ऐका, आधी गाडीखाली झोपा

"हँडल मारलं की पहिल्या झटक्यात चालू होते, काका." जुनी पिकअप दाखवायला नेणारा प्रत्येक जण हेच सांगतो. मी नागपूरजवळ हिंगण्याच्या एसटी वर्कशॉपात एकतीस वर्षं फिटर होतो. आता वाडीला टिनाच्या शेडमध्ये जुन्या जीपा खोलत बसतो. एवढा अनुभव असूनही याच वाक्यावर मी स्वतः फसलो.

२०१४ साली काटोलकडे एका संत्र्याच्या बागेत महिंद्राची जुनी पेट्रोल पिकअप पाहिली. खरंच पहिल्या हँडलला चालू झाली. मी खिशात हात घातला. घरी आणून हौदा उचलला, तर केबिनच्या मागे चासीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, आरपार वेल्डिंग! दोन गाड्यांच्या दोन तुकड्यांची एक गाडी, आणि चासी नंबर नवा ठोकलेला. नावावर होणं शक्यच नव्हतं. चार वर्षं शेडमध्ये ठेवून शेवटी सुटे भाग करून विकली. बायको अजूनही त्या कोपऱ्याला "काटोल" म्हणते.

म्हणून जुनी पिकअप घेताना माझा तपासायचा क्रम उलटा आहे. इंजिन शेवटी. ते दुसरं मिळतं, लेथवाल्याकडे बोअर होतं, पिस्टन-रिंगा मिळतात. चासी आणि कागद मात्र विकत मिळत नाहीत.

जाताना सतरंजी, टॉर्च, लहान हातोडी, जुना पेचकस, सुतळी, ओळंबा, खडू आणि जुन्या स्पीकरचं चुंबक घ्या. सकाळी जा. मे महिन्यात दुपारी बाराला पत्र्याला हात लावून दाखवा, मग बोला.

मालकाला चहा सांगू द्या, तुम्ही खाली झोपा. कमानपाट्यांचे हँगर जिथे चासीला रिव्हेटने ठोकले आहेत ती जागा, स्टिअरिंग बॉक्स बसतो ती जागा, आणि केबिन संपून हौदा सुरू होतो ती जागा. तडे इथेच सापडतात, कारण ओझ्याचा झटका इथेच येतो. हातोडीने टकटक करत पुढून मागे जा. चांगलं लोखंड टणटणतं. भद्द आवाज आला की तिथे पेचकस टेकवून दाबा. पापुद्रा निघाला तर ठीक, पेचकस आत गेला तर उठून चहा प्या. ग्रीस आणि मातीचा जाड थर दिसला तर घाबरू नका, त्याच्याखाली लोखंड बरेचदा छान राहिलेलं असतं. मला भीती वाटते ती ताज्या काळ्या रंगाची.

मग वाकडेपणा. गाडी सपाट फरशीवर घ्या. चारही हँगरच्या बोल्टांवरून ओळंबा सोडून खाली खडूने खुणा करा, गाडी ढकलून बाजूला करा आणि सुतळीने दोन्ही कर्ण मोजा. पाच-सहा मिलिमीटरचा फरक मी चालवून घेतो. बोटभर फरक असेल तर गाडी कधीतरी पलटलेली किंवा जोरात ठोकलेली असणार. अशी गाडी रंगवून फोटोत सुंदर दिसते आणि रस्त्यावर खेकड्यासारखी चालते.

आपल्याकडची हवा कोरडी, म्हणून मुंबई-कोकणातल्या गाडीपेक्षा नागपूरची गाडी बरी, असं सगळे म्हणतात. ते खरं आहे, पण अर्धंच. संत्र्याच्या बागेतल्या गाडीने फवारणीचं बोर्डो औषध वाहिलेलं असतं, म्हणजे मोरचूद आणि चुना. मोरचूद लोखंडाला खातो. रासायनिक खताचंही तेच. उमरेडकडची कोळसा वाहिलेली गाडी असेल तर कोपऱ्यांत साचलेली भुकटी पावसाळाभर ओल धरून बसते. तेव्हा गाडी कोणत्या गावची यापेक्षा तिने काय वाहिलं, हे विचारा. हौद्याचा तळ सडला तर बिघडत नाही, सपाट पत्रा आहे, कोणीही फॅब्रिकेटर वाकवून देईल. पण तळाखालचे आडवे चॅनेल बघा, आणि फाळक्याची बिजागरी.

केबिनला चुंबक रुमालात गुंडाळून लावा. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी आहे. दाराचा खालचा काठ आणि पाय ठेवायची जागा, इथे हमखास. बॉनेट, मडगार्ड, जाळी हा पुढचा भाग जीपचाच असतो, तो शोधला तर मिळतो. पिकअपचे खास भाग, म्हणजे केबिनची मागची भिंत, दारं, फाळका, हे नसतील तर डेंटरला हाताने घडवावे लागतात आणि तिथेच पैसा जातो. काचा सपाट असतील तर कापून मिळतात. मालक "सामान घरी आहे" म्हणाला तर सामान डोळ्यांनी पाहा.

आता इंजिन. या गाड्यांत मूळ हरिकेन पेट्रोल इंजिन असे, चार सिलिंडर, साधारण २.२ लिटर. त्याचा इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणात, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये. त्यामुळे हेड काढलं की एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बैठक आणि बोअर, म्हणजे पिस्टन चालतो ते भोक, यांच्या मधल्या जागी तडा आहे का ते बघायचं. हेड काढू देत नसतील तर निदान कॉम्प्रेशन गेज लावून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजा. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर गेला तर रिंगा घासल्या आहेत. नाही गेला तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन्ही कमी असतील तर हेड गॅसकेटवर संशय घ्या. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाच्या चहासारखं असेल तर त्यात पाणी उतरलंय. इंजिन जाम असेल तर उलट भाव पाडायला बरं, कारण जाम इंजिन बरेचदा प्लगच्या भोकातून डिझेल-ऑइल सोडून आठवडाभर ठेवल्यावर सुटतं.

इंजिनाबद्दल एकच गोष्ट मात्र आधी बघावी लागते, ते मूळचंच आहे का. पेट्रोल महाग पडतं म्हणून कित्येकांनी या गाड्यांत डिझेल बसवलं. नुसती फिरवायची असेल तर हरकत नाही. पण २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणी हवी असेल तर पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली असावी लागतात, आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. अशा गाडीने धंदा करता येत नाही, रोजच्या वापरालाही ती चालत नाही. तुमची पिकअप मालवाहू म्हणून नोंदलेली असेल तर काय करायचं, हे सौद्याआधी आरटीओत विचारून या.

आरसीवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर स्वतः वाचा. रॉकेलचा बोळा फिरवून, कागद ठेवून पेन्सिल घासा, अंक उमटतात. सगळे अंक एका ओळीत, एका खोलीचे हवेत. आजूबाजूला ग्राइंडरचे ओरखडे दिसले तर परत फिरा. आरसी आजोबांच्या नावावर आणि वारस पाच असतील तर पाचही जणांच्या सह्या मिळतील का ते विचारा. जुना रेकॉर्ड ऑनलाइन चढलेला नसला तर तोही चढवून घ्यावा लागतो.

परवा कामठी रोडवर एका पोराने मला अशीच एक पिकअप दाखवली. "काका, हिचं इंजिनच नाही ना, भंगारच समजा." मी खाली झोपलो. हँगर साबूत, कर्ण चार मिलिमीटरच्या आत, दारं मूळची, आरसी त्याच्या वडिलांच्या नावावर. मी म्हटलं, "भंगारात नको देऊस बे, मी घेऊन राहिलो." भाव मात्र भंगाराच्या वजनानेच लावला. पाच हजार इसार दिला, आणि बाकीचे पैसे आरसी माझ्या नावावर झाल्यावर देईन, असं स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं.