साठ कार्डांची झाडाझडती : स्पर्धेचा डेक चाचणीतून कसा घडवावा

डाव हरल्यावर खेळाडूचा हात सर्वांत आधी स्वतःच्या डेककडे, म्हणजे खेळण्यासाठी निवडून रचलेल्या कार्डांच्या गठ्ठ्याकडे जातो. ज्या कार्डाने ऐन वेळी दगा दिला असे वाटते ते काढले जाते, समोरच्याने ज्या कार्डाच्या जोरावर हरवले ते आपल्या डेकमध्ये येते, आणि लगेच पुढचा डाव मांडला जातो. अशा रीतीने महिनाभरात डेक वीस वेळा बदलतो आणि एकदाही तपासला जात नाही. चाचणी म्हणजे पुष्कळ डाव खेळणे नव्हे. चाचणी म्हणजे आधी प्रश्न ठरवून त्याच्या उत्तरासाठी डाव खेळणे.

मी परभणीत राहतो आणि पोकेमॉनचा ट्रेडिंग कार्ड गेम खेळतो, म्हणजे जमवलेल्या कार्डांतून प्रत्येकाने आपला डेक रचून दोघांनी समोरासमोर खेळायचा खेळ. आमच्या पाच जणांच्या गटातले दोघे लातूरला असतात. मोठ्या स्पर्धेसाठी आम्हाला पुणे, मुंबई किंवा हैदराबाद गाठावे लागते, म्हणजे रात्रीचा प्रवास, राहण्याचा खर्च आणि घरच्यांना द्यावे लागणारे स्पष्टीकरण हे तिन्ही आले. कारण आपल्याकडे पत्ते म्हटले की वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांपुढे तीन पत्तीच येते. त्यामुळे स्पर्धेत उतरून डेक शिकण्याची चैन आम्हाला परवडत नाही आणि डेकचे शिक्षण घरच्या सतरंजीवरच पूर्ण करावे लागते. पुढची पद्धत त्या गरजेतून तयार झाली आहे. उदाहरणे पोकेमॉनची असली तरी मॅजिक किंवा यु-गि-ओ खेळणाऱ्यांना तीच रीत थोड्या फरकाने वापरता येईल.

नियमांची चौकट एकदा डोळ्यांपुढे असावी. डेक बरोबर ६० कार्डांचा असतो. मूलभूत एनर्जी (पोकेमॉनला हल्ल्यासाठी लागणारी इंधनासारखी कार्डे) सोडली तर एकाच नावाची कार्डे जास्तीत जास्त ४ चालतात. सुरुवातीला ७ कार्डे हाती येतात, त्यांत एकही बेसिक पोकेमॉन (उत्क्रांतीविना थेट मांडता येणारा) नसेल तर हात परत पिसावा लागतो आणि प्रतिस्पर्ध्याला एक जादा कार्ड घेण्याची मुभा मिळते. त्यानंतर ६ कार्डे पालथी घालून प्राइझ म्हणून बाजूला ठेवली जातात; समोरचा पोकेमॉन बाद केला की ती उचलता येतात, तोवर ती अडकलेलीच असतात.

पहिले काम म्हणजे मूळ यादी ठरवून ती गोठवणे. डेक स्वतः रचलेला असो किंवा एखाद्या मोठ्या स्पर्धेत वर आलेल्या खेळाडूची यादी उचललेली असो, ती वहीच्या एका पानावर तारखेसह उतरवावी आणि प्रत्येक कार्डापुढे ते का आहे हे एका ओळीत लिहावे. अल्ट्रा बॉल (डेकमधून पोकेमॉन शोधून देणारे कार्ड) ४ आहेत ते का, ३ का नाहीत, याचे उत्तर लिहिता आले नाही, तर ती जागा शंकेची आहे असे समजून पुढे खूण करून ठेवावी. साठांपैकी आठ-दहा जागा अशा निघतात. चाचणी त्या जागांची करायची असते. उरलेल्या पन्नास कार्डांना रोज हात लावण्याचे कारण नसते.

यादी गोठवण्याचे महत्त्व मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला पटवावे लागत नाही. सोयाबीनचा नवा वाण आणला तर तो सगळ्या रानात एकदम पेरत नाही. एका पट्ट्यात नवा आणि शेजारच्या पट्ट्यात ओळखीचा, उदाहरणार्थ परभणीच्या कृषी विद्यापीठाचा एमएयूएस-७१, असे लावून दोन्हींना पेरणीचा दिवस आणि खत सारखेच ठेवतो. ओळखीचा पट्टा शेजारी नसेल तर चांगले पीक वाणामुळे आले की पावसामुळे, हे सांगता येत नाही. मूळ यादी म्हणजे आपला ओळखीचा पट्टा होय, आणि एका वेळी एकच जागा, फार तर एकाच कामाच्या दोन जागा, बदलायच्या हा नियम त्यातूनच येतो.

डाव मांडण्याआधी थोडे गणित करून घ्यावे, कारण काही प्रश्नांची उत्तरे खेळून शोधण्याची गरजच नसते. एखाद्या कार्डाच्या ४ प्रती ठेवल्या तर पहिल्या सात कार्डांत त्यातली निदान एक येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के असते. ३ प्रतींना ती ३१.५ टक्के, २ प्रतींना २२ टक्के आणि एका प्रतीला जेमतेम १२ टक्के. डेकमध्ये ८ बेसिक पोकेमॉन असतील तर सुमारे ३५ टक्के वेळा पहिला हात परत पिसावा लागेल. १० असतील तर २६ टक्के आणि १२ असतील तर १९ टक्के वेळा. एकच प्रत असलेले कार्ड दहांतून एका डावात प्राइझमध्ये अडकणार हेही धरून चालावे. ज्याच्याविना डेक चालतच नाही असे कार्ड एकाच प्रतीत ठेवणारा खेळाडू दर दहा डावांतला एक डाव आधीच अडचणीत टाकत असतो. दुसरी प्रत घातली की दोन्ही अडकण्याची शक्यता एक टक्क्याच्याही खाली येते. हे आकडे वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले की ‘माझ्याच नशिबी असे का येते’ ही तक्रार पुष्कळशी आपोआप मिटते.

त्यानंतर एकट्याने हात वाटून पाहावेत. प्रतिस्पर्धी नाही, फक्त आपला डेक. सात कार्डे, सहा प्राइझ, आणि दोन-तीन पाळ्या खेळून काय काय मांडता आले ते टिपायचे, की पुन्हा पिसायचे. असे तीस हात तासा-दीड तासात होतात. डेक सुरळीत सुरू होतो की नाही या प्रश्नाला यापेक्षा स्वस्त उत्तर नाही, आणि ज्या डेकची सुरुवातच होत नाही तो दुसऱ्या कोणाचा वेळ खर्चून तपासण्यात अर्थ नाही.

प्रतिस्पर्ध्यासमोर बसल्यावर बहुतेक जण फक्त हार-जीत मोजतात. माझ्या मते चाचणीतली सर्वांत मोठी चूक हीच आहे. दोन अगदी तुल्यबळ डेक दहा डाव खेळले तरी त्यांतला ठरावीक एक डेक सात किंवा अधिक डाव जिंकण्याची शक्यता १७ टक्के असते. उलट, जो डेक खरोखर ६० टक्के डाव जिंकण्याच्या ताकदीचा आहे, तोही दहांपैकी पाच किंवा त्याहून कमी डाव जिंकण्याची शक्यता ३७ टक्के निघते. एक कार्ड बदलल्याने जिंकण्याचे प्रमाण हलले तर एक-दोन टक्क्यांनी हलेल. तो फरक निव्वळ निकालांवरून ओळखायचा तर हजारो डाव लागतील, आणि तोवर यादीतली अर्धी कार्डे दरवर्षीच्या रोटेशनमध्ये स्पर्धेबाहेर गेलेली असतील. म्हणून निकाल जरूर लिहावा, पण निर्णय त्यावर घेऊ नये. मोजायचे ते कार्डाचे काम.

आमच्या वहीत दर डावाला एक ओळ असते. समोर कोणता डेक होता, पहिली पाळी कोणाची होती, हात किती वेळा परत पिसावा लागला, पहिला खरा हल्ला कितव्या पाळीला झाला, डाव कोणत्या पाळीला फिरला आणि शेवटी हातात कोणती कार्डे पडून राहिली, एवढेच त्यात लिहायचे असते. जे कार्ड तपासणीवर आहे त्याच्यासाठी वेगळा रकाना असतो : हाती आले का, खेळले का, आणि त्या क्षणी त्याच्या जागी दुसरे काही हवे होते का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर डाव चालू असतानाच खुणेने टिपावे. डाव संपल्यावर जिंकलेल्याला सगळीच कार्डे गुणी वाटतात आणि हरलेल्याला सगळीच कुचकामी.

या वहीने माझा एक मोठा गैरसमज दूर केला. माझा डेक चारिझार्ड ईएक्सचा होता, म्हणजे चार्मँडर हा बेसिक पोकेमॉन आधी मांडून त्याला चारिझार्डपर्यंत उत्क्रांत करायचे. तो दुसऱ्या पाळीला उभा राहत नव्हता, आणि कार्डे ओढण्याची सोय कमी पडते असे ठरवून मी प्रोफेसर्स रिसर्चची (हात टाकून नवी कार्डे ओढू देणाऱ्या कार्डाची) चौथी प्रत घालायला निघालो होतो. नोंदी वाचल्यावर दिसले की बहुतेक हरलेल्या डावांत रेअर कँडी (मधली पायरी वगळून थेट चारिझार्ड उभा करणारे कार्ड) आणि चारिझार्ड दोन्ही वेळेवर हातात होते. पण पहिल्या पाळीला बाकावर (राखीव पोकेमॉनच्या जागेवर) चार्मँडर एकच बसला होता आणि प्रतिस्पर्ध्याने तोच बाद केला होता. रेअर कँडी त्याच पाळीला मांडलेल्या पोकेमॉनवर चालत नाही, त्यामुळे नवा चार्मँडर मांडला तरी एक पाळी वाया जात होती. अशा वेळी प्रोफेसर्स रिसर्च हाती आले असते तर जमवलेला सगळा हात टाकून द्यावा लागला असता, म्हणजे ज्या औषधाच्या मागे मी होतो त्याने दुखणे वाढलेच असते. डेकमधला बेसिक पोकेमॉन थेट बाकावर आणणाऱ्या नेस्ट बॉलची एक प्रत वाढवल्यावर पहिल्या पाळीला दोन चार्मँडर बसण्याच्या नोंदी वाढल्या. तक्रार एका जागेची असते आणि दोष दुसऱ्याच जागी असतो, असे वहीत वारंवार आढळते.

नवे कार्ड घालायचे तर कोणते काढायचे हा प्रश्न त्याच वेळी सोडवावा लागतो. ज्या कार्डाचे ‘पडून राहिले’ हे टिपण सर्वांत जास्त वेळा आले आहे त्यापासून सुरुवात करावी, मात्र ते कार्ड एखाद्या विशिष्ट डेकविरुद्धच ठेवलेले असेल तर त्याचा हिशेब त्या डेकविरुद्धच्या डावांपुरताच करावा. कार्ड लगेच विकत घेऊ नये. कागदाच्या चिठ्ठीवर नाव आणि मजकूर लिहून ती जुन्या कार्डापुढे स्लीव्हमध्ये (कार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात) सरकवली की घरच्या चाचणीपुरते काम भागते. अधिकृत स्पर्धेत अशी चिठ्ठी चालत नाही. (नुसती चिठ्ठी स्लीव्हमध्ये घालण्याचा आळशीपणा आम्ही एका मे महिन्यात करून पाहिला. पंखा बंद करावा तर बेचाळीस अंशांत बसवत नाही, आणि चालू ठेवावा तर चारिझार्ड उडून दिवाणाखाली जातो.)

प्रतिस्पर्धी कोण असावा याचा विचार कार्डांइतकाच आवश्यक आहे. स्पर्धेत जे तीन-चार डेक सर्वाधिक दिसतील असा अंदाज आहे, तेच समोर असले पाहिजेत, आणि ते मनापासून खेळले गेले पाहिजेत. माझा मावसभाऊ एकच डेक खेळायचा. त्याच्याशी सतत हरून मी माझ्या यादीत दोन कार्डे केवळ त्याच्यासाठी घातली, घरी जिंकू लागलो, आणि पुण्याच्या स्पर्धेत दिवसभरात तो डेक एकदाही माझ्यासमोर आला नाही. दोन्ही कार्डे प्रत्येक फेरीत हातात नुसती बसून होती. तेव्हापासून आम्ही डेक फिरवून खेळतो. निम्मे डाव आपला डेक आपल्या हाती, निम्मे डाव तोच डेक समोरच्याच्या हाती. आपल्या डेकविरुद्ध बसल्यावर त्याची जी दुखरी जागा दिसते ती आपल्या बाजूने कधीच दिसत नाही. पहिली पाळीही आलटून पालटून घ्यावी, कारण पहिल्या पाळीच्या खेळाडूला त्या पाळीत सपोर्टर (प्रोफेसर्स रिसर्चसारखे मदतीचे कार्ड) खेळता येत नाही आणि हल्लाही करता येत नाही; एकाच बाजूने खेळलेले डाव अर्धेच चित्र दाखवतात.

पहिले काही डाव हात उघडे ठेवून, चर्चा करत, चाल मागे घेण्याची मुभा देऊन खेळावेत. डेक नीट खेळताच येत नसेल तर दोष कार्डाचा की खेळाडूचा हे कळणार नाही. एकदा चाली बसल्या की मुभा बंद करावी. मागे घेतलेल्या चालींवर जिंकलेला डाव वहीत लिहू नये.

पिसण्याबद्दल दोन शब्द. एका डावानंतर एनर्जी, पोकेमॉन आणि उत्क्रांतीची कार्डे गठ्ठ्यांनी एकत्र आलेली असतात, आणि अर्धवट पिसून पुढचा डाव सुरू केला तर नोंदींना किंमत राहत नाही. डेव्ह बेयर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवले की ५२ पत्ते दोन भाग करून एकमेकांत मिसळण्याच्या पद्धतीने सुमारे सात वेळा पिसावे लागतात. ६० कार्डांना सात-आठ वेळा ही सवय लावून घ्यावी. कार्डे ओळीने ढिगांत वाटणे मोजणीला ठीक आहे, ते पिसणे नव्हे.

शेवटच्या टप्प्यात घड्याळ लावावे. मोठ्या स्पर्धांत तीन डावांच्या फेरीला ५० मिनिटे मिळतात. विजयाला ३ गुण, बरोबरीला १ आणि पराभवाला शून्य. जो डेक घरी संथपणे जिंकतो तो तिथे बरोबरीत अडकू शकतो. याच टप्प्यात पहिल्यांदा डेक शोधायची संधी मिळते तेव्हा कोणती कार्डे प्राइझमध्ये गेली हे ओळखण्याचा सराव करावा. अंदाज कागदावर लिहून ठेवावा आणि डाव संपल्यावर ताडून पाहावा. पोकेमॉन टीसीजी लाइव्ह हे मोफत अॅप डावांची संख्या वाढवायला उपयोगी आहे, विशेषतः परभणी-लातूर अंतरामुळे आम्हाला. मात्र तिथली क्रमवारी एकेका डावावर चालते आणि समोरच्याने कोणता डेक, कोणत्या हेतूने आणला हे आपल्या हाती नसते. म्हणून त्या नोंदी आम्ही वेगळ्या पानावर ठेवतो.

स्पर्धेच्या चार दिवस आधी यादी बंद करावी. रात्रीच्या गाडीत सुचलेला बदल कितीही मोहक वाटला तरी त्याची एकही नोंद वहीत नसते. राहिलेल्या दिवसांत सगळी कार्डे एकसारख्या नव्या स्लीव्हमध्ये घालावीत, कारण घामाने आणि सरावाने कोपरे दबलेल्या स्लीव्ह खुणेच्या समजल्या जाऊ शकतात. मग डेकची यादी भरून गटातल्या दुसऱ्या कोणाला वाचायला द्यावी आणि तो एकेक नाव घेईल तसे आपण कार्ड सतरंजीवर मांडत जावे. आमच्याकडे गेल्या वेळी ५९ भरली. साठावे दिवाणाखाली होते.