जैवविविधता वारसा स्थळाचा प्रस्ताव: ग्रामपंचायतीने काय करावं

गावाच्या हद्दीत दुर्मीळ जीव आहे आणि शेजारी प्लॉटिंग सुरू झालंय, तर जैवविविधता कायदा २००२ चं कलम ३७ हाताशी आहे: त्याखाली राज्य सरकार अशी जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर करू शकतं. आंबोलीत हिरण्यकेशी मंदिराच्या कुंडातल्या 'शिस्तुरा हिरण्यकेशी' माशासाठी २.११ हेक्टर जागा २०२१ मध्ये अशीच वारसा स्थळ झाली.

आधी गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीमार्फत लोक जैवविविधता नोंदवहीत (गावातल्या जीवांची नोंद ठेवायची वही) त्या जीवाची नोंद करा: तारीख, अक्षांश-रेखांश, फोटो. एकाच ऋतूतली नोंद लंगडी पडते.

मग ग्रामसभेचा ठराव. गणपूर्ती, म्हणजे सभेला किमान हजेरी, १५ टक्के मतदार किंवा १००, यांपैकी कमी असेल ती. बहुतेक ठराव इथेच फसतात: 'तळ्याजवळची जागा' असं मोघम लिहितात. गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा लिहा. सातबारा आणि मोजणी नकाशा जोडा. हद्द आखताना नुसतं कुंड धरू नका, वरचा झराही घ्या. तिथे जेसीबी लागला की खाली गाळ येणारच.

खासगी गट असेल तर मालकाशी आधीच बोला, नाहीतर हरकत ठरलेली. प्रस्ताव नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाकडे पाठवा, पोच घ्या. राजपत्रात अधिसूचना निघेपर्यंत मात्र ठराव हा फक्त कागदच.