नोकरी सोडून आर्टिकलशिपला जाताय? आधी तारखा जुळवा

सहकारी सोसायटीत किंवा फायनान्स कंपनीत नोकरी करत सीए इंटरचे दोन्ही ग्रुप काढलेत, तर तुमचं मनापासून अभिनंदन. दिवसभर पिग्मीचा हिशेब आणि वसुलीचे फोन करून रात्री कॉस्टिंग घेऊन बसायला काय लागतं, ते मी भोगलंय.

इंटर होईपर्यंत नोकरी चालते. आर्टिकलशिप, म्हणजे सीएंच्या ऑफिसातलं सक्तीचं प्रशिक्षण, लागली की चालत नाही. 'नाव नुसतं कागदावर लावू, तू सोसायटीत जात राहा' असं सांगणारे बेळगावात भेटतील, निपाणीत आणि चिकोडीतही भेटतील. त्यांच्या नादाला लागू नका. उघडकीला आलं तर तुमचं प्रशिक्षण रद्द होऊ शकतं आणि सही करणारे सीएही अडचणीत येतात. दोन वर्षं ऑफिसात न बसता ज्यानं सही मिळवली, त्याच्यासमोर पहिली ऑडिट फाइल आली की तो काय करणार?

मला त्रास झाला तो तारखांचा, म्हणून हे नीट वाचा. महिनाअखेरीला मी काम सोडलं आणि पुढच्याच आठवड्यात सीएंच्या ऑफिसात रुजू झालो. पण माझ्या जुन्या संस्थेनं रिलीव्हिंग लेटरवर (नोकरीतून मोकळं केल्याच्या पत्रावर) पुढच्या महिन्यातली तारीख टाकली, कारण चार्ज देण्याचे कागद त्यांनी उशिरा पूर्ण केले. पीएफमध्ये नोकरी सोडल्याची तारीख चढवलीच नाही. उरलेला पगारही नंतर जमा झाला, त्यामुळे २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या उताऱ्यात, टीडीएसची (पगारातून कापलेल्या कराची) नोंद रुजू झाल्यानंतरची दिसायला लागली. कागदावर मी एकाच वेळी दोन्हीकडे! रुजू झाल्यापासून ३० दिवसांत आर्टिकलशिपच्या नोंदणीचा फॉर्म १०३ आयसीएआयकडे (सीएंच्या राष्ट्रीय संस्थेकडे) जायला हवा, नाहीतर उशीर माफ करून घेण्याचा अर्ज आणि वर फी. ते दिवस मी जुन्या संस्थेच्या पायऱ्या झिजवण्यात घालवले. म्हणून आधी रिलीव्हिंग लेटर हातात घ्या, त्यावरची तारीख वाचा, शेवटचा पगार कोणत्या महिन्याचा ते लिहून घ्या, आणि मगच रुजू व्हा. पीएफची तारीख संस्थेनं नाही टाकली, तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती पोर्टलवर स्वतः टाकता येते. घाबरायचं कारण नाही, पण गाफील राहू नका.

सीनियर दादांचा सल्ला जपून घ्या. ते तीन वर्षांच्या आर्टिकलशिपच्या काळातले. १ जुलै २०२३ पासूनच्या योजनेत आर्टिकलशिप दोन वर्षांची आहे आणि सुट्टी वर्षाला १२ दिवस. आर्टिकलशिप संपली की पुढच्या सहा महिन्यांत फायनलचा अभ्यास करायचा. म्हणजे घरखर्चाची सोय अडीच वर्षांची हवी. स्टायपेंडवर घर चालत नाही, हे घरच्यांना आधीच सांगा. नोकरी सोडणं शक्यच नसेल, तर सीएमएचा (कॉस्ट अकाउंटंटच्या कोर्सचा) विचार करा. तिथं योग्य कामाचा अनुभव प्रशिक्षणात धरला जाऊ शकतो. त्यात कमीपणा काहीच नाही.

सीए शोधताना पुण्या-बेंगळूरच्या मोठ्या नावांमागे सगळ्यांनी धावायची गरज नाही, असं माझं ठाम मत आहे. आपल्या कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवर जे शिकायला मिळतं ते तिथं क्वचितच मिळेल. निपाणीच्या व्यापाऱ्यानं कर्नाटकातल्याच विजापूरला माल पाठवला तर सीजीएसटी-एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा कर), आणि शेजारच्या पण महाराष्ट्रातल्या कागलला पाठवला तर आयजीएसटी (आंतरराज्य कर). एका ठिकाणी गडहिंग्लजच्या गिऱ्हाइकाचा जीएसटी नंबर २७ (महाराष्ट्र) ऐवजी २९ (कर्नाटक) नं सुरू करून मास्टरमध्ये, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधल्या गिऱ्हाइकांच्या यादीत, बसला होता. त्या खात्यावरची सगळी बिलं चुकीच्या करात गेली. बरोबर कर पुन्हा भरायचा आणि चुकीचा परत मागायचा, हे सगळं मी तिथं बसून केलं. पुस्तकातलं 'प्लेस ऑफ सप्लाय' (माल कुठल्या राज्यात पुरवला असं धरायचं, तो नियम) त्या दिवशी डोक्यात बसलं.

बेळगावच्या उद्यमबागमधले कारखाने, रविवार पेठेतले होलसेलवाले, सोसायट्या, असं मिश्र काम असलेलं ऑफिस बघा. भेटायला गेलात की विचारा, रिटर्न भरण्याखेरीज ऑडिटला पाठवता का? उत्तर गोलमोल आलं तर दुसरीकडे जा. आणि कन्नड वाचायला शिका. सहकार खात्याच्या नोटिसा, ठरावाची पुस्तकं कन्नडात येतात, आणि ती वाचणाऱ्या मुलालाच साहेब बरोबर नेतात. मराठी शाळेतून आलो म्हणून मागे पडू, ही भीती सोडा. अक्षरं महिनाभरात ओळखू येतात.