एकाच मुलाला शिकवताना त्याला बोलतं कसं करायचं

एकालाच शिकवायचं म्हणजे सोपं असं खूप जणांना वाटतं, पण गोम अशी आहे की समोर एकच जण असला की आपणच बोलत सुटतो, तो नुसती मान डोलावतो आणि तास संपल्यावर आपण खूश की आज काय मस्त शिकवलं. जरा आठवून बघा, पेन्सिल कुणाच्या हातात होती? आपल्या असेल तर गणितं आपणच सोडवली.

म्हणून पहिलं काम, समोर न बसता शेजारी बसा आणि पेन्सिल त्याच्याकडे द्या. ऑनलाइन असाल तर व्हाइटबोर्डवर त्यालाच लिहू द्या, नाहीतर वही कॅमेऱ्यासमोर धरायला सांगा.

सुरुवातीला मागच्या वेळचं परत सांगत बसू नका. कोरा कागद द्या आणि म्हणा, जेवढं आठवतंय तेवढं लिही, पुस्तक बंद. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रयोग केला होता, काही विद्यार्थ्यांनी उतारा परत वाचला आणि काहींनी न बघता आठवून लिहिला, पाच मिनिटांनी टेस्ट घेतली तर वाचणारे पुढे होते पण आठवड्यानंतर आठवून लिहिणाऱ्यांच्या जास्त लक्षात राहिलं होतं. शिवाय कुठे अडलंय ते आपल्यालाही तिथल्या तिथे दिसतं.

आता सगळ्यात अवघड गोष्ट, प्रश्न विचारून गप्प बसायचं. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधक, त्यांनी १९७० च्या दशकात वर्गांमधली रेकॉर्डिंग तपासली तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर साधारण एकच सेकंद थांबतात असं दिसलं, आणि तीन सेकंद किंवा जास्त थांबले की मुलांची उत्तरं लांब यायला लागली, त्यांचं गप्प राहणंही कमी झालं. तीन सेकंद ऐकायला काहीच नाही पण समोर एकच मूल असताना ती शांतता खायला उठते, मी मनात आकडे मोजते, मग जमतं. आणि "समजलं का" हा प्रश्न तर सोडूनच द्या, त्याला उत्तर "हो" असंच येतं, कारण पोरांना आपल्याला नाराज करायचं नसतं. त्यापेक्षा "ही पायरी का घेतलीस?" किंवा "आता तू मला शिकव" असं म्हणा.

चूक झाली की लगेच दुरुस्त करायचा मोह आवरा. समजा त्याने १/२ + १/३ = २/५ लिहिलं, वरचे वर मिळवले खालचे खाली मिळवले, हे भरपूर मुलं करतात. "चुकलं" म्हणू नका, नुसतं विचारा की २/५ अर्ध्यापेक्षा मोठं की लहान? तो विचार करेल, म्हणेल लहान. मग विचारा, तुझ्याकडे आधीच अर्धं होतं, त्यात अजून घातलंस, मग कमी कसं झालं? इथे थांबा, काही बोलू नका. मुलाच्या चेहऱ्यावर जे होतं ना तेव्हा, त्यासाठीच मी शिकवते, आणि स्वतः पकडलेली ही चूक सहसा परत होत नाही.

पण एक सांगते, विषय अगदीच नवा असेल तर हे प्रश्नोत्तर करू नका, मूल बिचारं रडकुंडीला येतं. तेव्हा आधी एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवा, दुसरं अर्धं सोडवून पुढचं त्याला करू द्या, तिसरं त्याचं त्याला. मध्ये अडला तर आधी प्रश्न मोठ्याने वाचायला सांगा, मग चित्र काढायला, आणि तरीही नाही जमलं तरच पहिली ओळ द्या.

"माहीत नाही" एवढंच म्हणणारं मूल असेल तर दोन पर्याय द्या, यातलं कोणतं पटतं आणि का. शाबासकी देताना नुसतं हुशार आहेस म्हणू नका, "उत्तर जुळत नाही हे स्वतःच पाहिलंस, छान" असं नेमकं सांगा.

शेवटची पाच मिनिटं त्याची. एक गणित त्याने निवडायचं, मदतीशिवाय सोडवायचं, आणि अजून काय खटकतंय ते एका ओळीत लिहायचं. पुढचा तास त्या ओळीपासून सुरू करा.