गळ टाकण्याआधी: ठाणे आणि नवी मुंबईत मासेमारीचा परवाना कोणाला लागतो, कसा काढायचा, खर्च कशाकशाचा

मागच्या दिवाळीत भाचा अमेरिकेहून आला तो पाकिटात एक कार्ड घेऊनच. तिथल्या राज्याचं मासेमारीचं लायसन्स. वर्षाचं वेगळं, एका दिवसाचं वेगळं, राज्यात राहणाऱ्याला स्वस्त, बाहेरून येणाऱ्याला महाग, असा सगळा हिशेब त्याने मला समजावला आणि मग विचारलं, "मामा, आपल्याकडचं कुठे काढायचं? मला दिवाळ्याच्या जेटीवर गळ टाकायचाय."

मला उत्तर आलं नाही. जन्म ठाण्यातल्या चेंदणी कोळीवाड्याचा, निम्मं आयुष्य नेरुळात गेलेलं, आणि तरी नाही. म्हणून त्याला घेऊन थेट दिवाळ्याला, म्हणजे बेलापूरजवळच्या दिवाळे या कोळ्यांच्या गावी, बहिणीच्या सासरी गेलो. तिचे सासरे ओट्यावर फाटकं जाळं सांधत बसले होते. प्रश्न ऐकून त्यांनी सुई खाली ठेवली. "गरी टाकाला लायसन? आनि दाखवाचा कोनाला, बोयटांना?"

(बोयटं म्हणजे खाडीतले मासे.) त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं कळायला मला दोन कार्यालयांत चार हेलपाटे घालावे लागले. ते तुमचे वाचावेत म्हणून हे लिहितो आहे.

परवाना माणसाला नाही, होडीला

आपल्याकडे किनाऱ्यावर उभं राहून हौसेने गळ टाकणाऱ्याला द्यायचं राज्याचं वार्षिक कार्ड असा प्रकार नाही. समुद्रातल्या मासेमारीचा राज्याचा कायदा म्हणजे महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१. तो परवाना देतो मासेमारी नौकेला. तळी, नद्या, धरणं यांच्यासाठी १९६० चा महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम वेगळा. तिथे व्यवहार बहुतेक ठेक्यांचा असतो आणि ठेका सहसा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो.

त्यामुळे "लायसन्स केवढ्याला?" हा प्रश्न नंतरचा. पहिला प्रश्न, हे पाणी कोणाचं?

पाणी ओळखा

ठाणे खाडीपासून सुरुवात करू. ऐरोली पूल आणि वाशी पूल यांच्या मधला, मुंबईच्या बाजूचा पट्टा २०१५ पासून ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे. क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर, त्यातलं निम्म्याहून जास्त कांदळवन. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही मिळाला. अभयारण्यात शिरायलाच वन विभागाची परवानगी लागते, तेव्हा तिथे हौशी गळाचा विचार सोडून द्या. खाडी पाहायची असेल तर ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात जा, तिथून बोटीची फेरी मिळते.

अभयारण्याबाहेरचा किनारा मोकळा आहे, पण त्यालाही कांदळवन लागून आहे. सरकारी जमिनीवरची कांदळवनं राखीव वन म्हणून घोषित झालेली आहेत. गळ टाकायला नीट जागा व्हावी म्हणून चार फांद्या छाटल्या, तरी तो वनगुन्हा होतो. माशांचा त्यात काही संबंध उरत नाही.

तलावांचं निराळंच. ठाणं तलावांचं शहर. मासुंदा, उपवन, कचराळी, रायलादेवी, अशी नावं घेत गेलं की बोटं पुरत नाहीत. हे तलाव महापालिकेच्या ताब्यात आहेत. कुठल्याही तलावात मासेमारीचा ठेका दिलेला असेल तर त्यात सोडलेलं बीज आणि वाढलेले मासे ठेकेदाराचे. न विचारता तिथे गळ टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या वाडीतले आंबे काढणं. महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात जाऊन "या तलावाचा मासेमारीचा ठेका कोणाकडे आहे" एवढंच विचारा. ठेका असला तर संस्थेच्या माणसाला भेटा. बऱ्याचदा थोडे पैसे घेऊन, पावती देऊन एखादा दिवस बसू देतात. पावती मात्र मागून घ्या. तोंडी "बसा हो" म्हणणारा माणूस दुपारी जेवायला गेला की दुसरा येऊन उठवतो. हा अनुभव माझाच.

येऊरकडचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथल्या ओढ्यांत आणि बंधाऱ्यांत मासेमारी चालत नाही. शहापूरकडे तानसा अभयारण्याचंही तसंच. पिण्याच्या पाण्याची धरणं, म्हणजे नवी मुंबईचं मोरबे किंवा एमआयडीसीचं बारवी, इथे पाण्याच्या मालकाची लेखी परवानगी नसेल तर काठावरही जाऊ नका.

नुसता गळ टाकायचा असेल तर

जागा ठरली की आधी गावच्या लोकांशी बोला. दिवाळे, सारसोळे, करावे, वाशी कोळीवाडा, जुहूगाव, इकडे चेंदणी, कोपरी, बाळकुम, कोलशेत, प्रत्येक ठिकाणी मच्छीमारांची संस्था किंवा निदान जाणती माणसं भेटतात. जेटी हे त्यांचं कामाचं ठिकाण आहे. होड्या लागायच्या वेळी तिथे रॉड फिरवत उभं राहू नये. खाडीत बोक्षी आणि डोल जाळी खुंटांना बांधलेली असतात. त्यांत गळ अडकला तर आपला दोरा आपणच कापायचा, त्यांचं जाळं ओढायचं नाही.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहून निघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी भराभर चढतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी संथ. चिखलावर उतरू नका. निवट्या (चिखलावर फिरणारे छोटे मासे) त्यावरून टणाटण उड्या मारत जातात म्हणून तो आपल्यालाही पेलेल असं वाटतं, आणि मग गुडघ्यापर्यंत पाय रुततो. खाडीपुलाच्या कठड्याला टेकून, पाठीमागून गाड्या जात असताना गळ टाकणारेही दिसतात. त्यांच्यात सामील होऊ नका.

ओळखपत्र जवळ ठेवा. २००८ च्या हल्ल्यानंतर किनाऱ्यावर सागरी पोलीस कोणालाही हटकू शकतात, आणि आधार कार्ड दाखवलं की बोलणं दोन मिनिटांत संपतं. कासव, डॉल्फिन, देवमासा, व्हेल शार्क हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. चुकून गळाला कासव लागलंच तर दोरा कापून सोडून द्या आणि वन विभागाला कळवा. सुरुंग किंवा विष टाकून मासे मारणं गुन्हा आहे, हे सांगायची वेळ येऊ नये, पण गावाकडच्या ओढ्यांत अजून ब्लीचिंग पावडर टाकणारे भेटतात.

हौशी माणसासाठी सरकारी खर्च इथेच संपला. शून्य रुपये. उरला तो गळ, दोरा, आमिषाला कोळंबी आणि रिक्षाभाडं.

होडी घेणार असाल तर

इथून पुढे मात्र कागद वाढतात, कारण होडीने धंद्याची मासेमारी म्हटली की दोन वेगवेगळ्या गोष्टी लागतात आणि लोक त्यांची हमखास गल्लत करतात. एक नोंदणी, दुसरा परवाना. नोंदणी म्हणजे गाडीचं आरसी बुक. ही होडी कोणाची, लांबी किती, इंजिन कोणतं, हे त्यात येतं आणि ती केंद्राच्या व्यापारी नौवहन कायद्याखाली होते. परवाना राज्याचा, १९८१ च्या कायद्याखालचा. ही होडी कोणत्या पद्धतीने मासेमारी करू शकते ते त्यात लिहिलेलं असतं. नोंदणी आहे आणि परवाना नाही, अशी होडी मासेमारीला गेली तर ती विनापरवानाच धरली जाते.

कार्यालय कोणतं, तेही आधी बघा. नवी मुंबई एक शहर वाटतं, पण ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्हा आणि खारघर, पनवेल, उलवे, उरण रायगड. दिवाळ्याचा माणूस ठाण्याला सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्याकडे जातो, उरणचा अलिबागला. माझा पहिला हेलपाटा याच घोळात गेला. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा जुन्या कागदावर "ठाणे" लिहिलेली होडी सातपाटीची असेल तर तिचं काम आता पालघरला.

नवी होडी बांधायची असेल तर बांधायला घेण्यापूर्वी कार्यालयाची परवानगी घ्या. आधी होडी, मग कागद, हा क्रम आपल्याला फार आवडतो आणि तोच महागात पडतो. होडी तयार झाली की केंद्राच्या रीअलक्राफ्ट या पोर्टलवर अर्ज भरायचा. स्वतःला जमत नसेल तर संस्थेचा सचिव भरून देतो. साधारण लागतात ते कागद असे: आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा, मच्छीमार संस्थेच्या सभासदत्वाचा दाखला, होडी बांधणाऱ्याचं बिल, इंजिनाचं बिल, होडीचे फोटो. मग अधिकारी प्रत्यक्ष येऊन होडी मोजतात आणि इंजिनाचा नंबर पडताळतात. नोंदणी झाली की आयएनडी-एमएचने सुरू होणारा क्रमांक मिळतो. तो होडीच्या दोन्ही बाजूंना, लांबून वाचता येईल असा रंगवायचा. त्यानंतर परवान्याचा अर्ज, त्यात जाळ्याचा प्रकार लिहायचा. डोल लिहून दुसरंच जाळं वापरलं तर परवाना असून नसल्यासारखा.

जुनी होडी घेताना जास्त सांभाळा. माझ्या मेहुण्याने घेतलेल्या होडीच्या नोंदणीवर विकणाऱ्याच्या वडिलांचं नाव होतं, आणि ते वारून बरीच वर्षं झालेली. वारसनोंद, मग हस्तांतरण, मग परवाना, यात पूर्ण हंगाम निघून गेला. म्हणून पैसे देण्याआधी तीन गोष्टी हातात घेऊन बघा: नोंदणी विकणाऱ्याच्याच नावावर आहे का, परवाना चालू आहे का, आणि इंजिनावरचा नंबर कागदावरच्या नंबराशी जुळतो का. होडीवर संस्थेचं किंवा बँकेचं कर्ज असेल तर ना हरकत दाखल्याशिवाय व्यवहार करू नका.

खर्चाचा खरा हिशेब

नोंदणीचं आणि परवान्याचं शुल्क होडीच्या प्रकारावर आणि आकारावर ठरतं. ते सरकारी चलनाने भरायचं आणि पावती जपायची. पण खर्चाच्या वहीत ही सगळ्यात छोटी ओळ असते. मोठ्या ओळी म्हणजे इंजिन, जाळी, डिझेल, बर्फ, माणसागणिक लाइफ जॅकेट, होडीचा विमा आणि पावसाळ्याआधीची डागडुजी. कोणी "लायसन्स काढून देतो" म्हणत जाडजूड रक्कम सांगत असेल तर त्यातलं शुल्क किती आणि त्याचं किती, हे चलन मागून बघा.

उलट बाजूलाही काही ओळी आहेत. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमारांचा सामूहिक अपघात विमा आहे. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर २.५ लाख, आणि हप्ता सरकार भरतं. तुम्ही फक्त नाव नोंदवायचं. यांत्रिकी नौकांना डिझेलवरच्या कराचा परतावा संस्थेमार्फत मिळतो, पण परवाना चालू असेल तरच. संरक्षित प्राणी जाळ्यात आला आणि जाळं कापून तो सोडला, तर फोटो दाखवून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मागता येते. पकडलेली मासळी दुकान थाटून विकायची असेल तर अन्नसुरक्षेची मूळ नोंदणीही करून घ्या, शुल्क वर्षाला १०० रुपये.

आणि दंडाची ओळ. २०२१ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना मासेमारीला ५ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. एलईडी दिवे लावून मासेमारी केली तर ५ ते २० लाख. लहान मासळी पकडण्यालाही दंड आहे, म्हणून मापं पाठ असलेली बरी: पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०. पापलेट २०२३ पासून राज्यमासा झाला, तरी बाजारात तळहातापेक्षा लहान पापलेटांचे वाटे लावलेले दिसतातच. गिऱ्हाईक घेतं म्हणून कोळीण लावते.

बंदीचे दिवस आणि अर्जाचे दिवस

१ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिकी नौकांना मासेमारी बंद. वल्ह्या-शिडाच्या पारंपरिक होड्यांना ही बंदी लागू नाही. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत राज्याचे नियम चालतात, त्यापुढे केंद्राचे. समुद्रात जाताना नोंदणी, परवाना आणि सगळ्या खलाशांची ओळखपत्रं होडीवरच ठेवा. घरी कपाटात ठेवलेला परवाना तपासणीच्या वेळी उपयोगाचा नाही. तटरक्षक दलाचा संकटकालीन नंबर १५५४, किनारी पोलिसांचा १०९३. दोन्ही होडीवर रंगाने लिहून ठेवा, फोन भिजतो.

नूतनीकरणाला जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जाऊ नका. तेव्हा उत्तन ते दिवाळे सगळे एकाच खिडकीसमोर असतात आणि पोर्टलही दमून बसतं. एप्रिलमध्ये, होडी अजून पाण्यात असताना जा. मोजमापाला अधिकाऱ्यांनाही वेळ मिळतो, आणि एखादा कागद कमी निघाला तर बंदीचे दोन महिने हातात राहतात.

भाच्याने त्या संध्याकाळी दोन शिंगाळे काढले. दुसऱ्याचा काटा अंगठ्यात गेला, तेव्हा बहिणीच्या सासऱ्यांनी पुन्हा सुई खाली ठेवली आणि हळद आणायला आत गेले.