नवा रकाना, दोन रिक्वेस्ट आणि अडलेल्या गाड्या

सकाळी पावणेसातला फोन वाजला तेव्हा मी कळव्याला घरी चहा गाळत होते. भिवंडीच्या गोडाऊनचे सुपरवायझर बोलत होते. "मॅडम, चलान निघत नाहीये. प्रिंट दिली की इंग्रजीत कायतरी येतं आणि बाहेर फेकतं. नऊ गाड्या भरून उभ्या आहेत."

रात्री एक वाजता आमचा बदल प्रॉडक्शनला, म्हणजे कंपनीचं रोजचं काम चालतं त्या सिस्टिमला, गेला होता. सिस्टिमची देखभाल करणाऱ्या बेसिस टीमच्या रात्रपाळीवाल्याचा 'इम्पोर्ट झालं' असा मेल आला, मी ग्रुपवर अंगठा टाकला आणि झोपले. मेलला जोडलेला लॉग उघडला असता तर त्यात रिटर्न कोड ८ दिसला असता. ० म्हणजे ठीक, ४ म्हणजे इशारा, ८ म्हणजे चूक, १२ म्हणजे इम्पोर्टच अर्ध्यात कोसळलं. हे मला पाठ होतं, परीक्षेत बरोबर लिहूनही आले होते.

मी बी.कॉम. गेली बारा वर्षं ऐरोलीत बसून मोठ्या कंपन्यांच्या सॅपमधले, म्हणजे ऑर्डर, माल, बिलं आणि हिशेब सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधले, बदल सांभाळते. ऐरोली, रबाळे, घणसोली, महापे या पट्ट्यात हे काम भरपूर आहे, आणि दर वर्षी कुणी ना कुणी भाचा-भाची विचारते, "मावशी, कोडिंग येत नाही, चालेल का?" चालेल. पण कोडिंग न येण्यापेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे. नवीन माणसाला वाटतं, बदल केला की काम झालं. बदल करणं हा यातला सोपा भाग आहे. तो कुठल्या क्रमाने जातो, सोबत काय घेऊन जातो आणि पलीकडे कोण त्याची वाट पाहत बसलंय, हे सांभाळण्याचा पगार मिळतो.

आधी रचना सांगते. सॅप वापरणाऱ्या कंपनीत सहसा तीन सिस्टिम असतात: बदल करायची डेव्हलपमेंट, तो तपासायची क्वालिटी आणि रोजच्या कामाची प्रॉडक्शन. केलेला प्रत्येक बदल एका ट्रान्सपोर्ट रिक्वेस्टमध्ये बांधला जातो. तिला नंबर असतो, डीईव्हीके९००१२३ असा काहीतरी. प्रोग्रॅम, टेबल, फॉर्म यांची वर्कबेंच रिक्वेस्ट, आणि सेटिंग्जची कस्टमायझिंग. रिक्वेस्टच्या पोटात प्रत्येकाचे टास्क. आधी टास्क रिलीज करायचे, मग रिक्वेस्ट. एकदा रिलीज झाली की तिच्यात भर घालता येत नाही आणि काही काढताही येत नाही. पोस्टाच्या पेटीत टाकलेलं पाकीटच ते.

आता भिवंडीकडे. चलानावर गाडी नंबराचा नवा रकाना हवा होता. डेटाच्या स्ट्रक्चरमध्ये ते फील्ड जोडायचं काम एका सहकाऱ्याकडे, त्याच्या रिक्वेस्टमध्ये. छपाईचा प्रोग्रॅम आणि फॉर्म माझ्या रिक्वेस्टमध्ये. क्वालिटीला दोन्ही चढलेल्या होत्या, त्यामुळे तिथे चलान झकास छापलं गेलं. गोडाऊनच्या लोकांनी टेस्टिंग करून होकारही दिला. पण सहकाऱ्याच्या रिक्वेस्टमध्ये त्याचं दुसरं एक अर्धवट काम होतं, म्हणून त्याने ती थांबवून ठेवली. माझी एकटीच पुढे गेली. प्रॉडक्शनमध्ये प्रोग्रॅम ज्या फील्डचं नाव घेत होता ते फील्डच तिथे नव्हतं. सिंटॅक्स एरर, डंप (प्रोग्रॅम मध्येच बंद पडून येणारा चुकीचा पडदा), नऊ गाड्या.

सुधारायचे मार्ग दोन. एक, सहकाऱ्याची रिक्वेस्टही लगेच चढवायची, म्हणजे तिच्यातलं अर्धवट कामही प्रॉडक्शनला जाणार. दोन, माझा प्रोग्रॅम आधीच्या रूपात न्यायचा. प्रॉडक्शनमध्ये 'अनडू'चं बटण नसतं, हे इथे नीट समजून घ्या. डेव्हलपमेंटमध्ये व्हर्जन मॅनेजमेंटमधून जुनं व्हर्जन परत आणायचं, नव्या रिक्वेस्टमध्ये बांधायचं आणि पुन्हा तोच सगळा रस्ता चालायचा. आम्ही दुसरा मार्ग घेतला आणि मला तो आजही बरोबर वाटतो. इमर्जन्सी चेंजला होकार देणारे साहेब ठाणे-पनवेल लोकलमध्ये होते. फोन लागेना, लागला तर आवाज येईना. शेवटी मेसेजवर 'ओके' आलं. सव्वानऊला पहिलं चलान निघालं.

त्या दिवसापासून माझ्याकडे एक साधी वही आहे. प्रत्येक बदलापुढे एकच प्रश्न लिहिते: हा कुणाच्या खांद्यावर उभा आहे? उत्तरात दुसऱ्याच्या रिक्वेस्टचा नंबर आला की त्या दोघी एकाच वेळी आणि ठरल्या क्रमानेच जाणार, नाहीतर दोघीही थांबणार. मोठ्या कंपन्यांत हे तपासायला सोल्यूशन मॅनेजरसारखी साधनं असतात. तरी वही सोडू नका. एखाद्याने आपली रिक्वेस्ट का थांबवलीय, हे साधन सांगत नाही. ते चहाच्या टपरीवरच कळतं.

नवीन असताना 'उद्या अकराला कॅब आहे' असं ऐकून मी खाली गेटवर गाडीची वाट पाहत उभी होते. कॅब म्हणजे चेंज अ‍ॅडव्हायझरी बोर्डाची मीटिंग. बदल का हवा, कुणाला त्रास होऊ शकतो, फसला तर मागे कसं यायचं, हे तिथे विचारतात. मागे कसं यायचं या रकान्यात बहुतेक जण 'जुनं व्हर्जन रिस्टोअर करू' एवढंच लिहितात. किती वेळात, कोण करणार, मधल्या काळात तयार झालेल्या बिलांचं काय, हे लिहा. तुमच्याकडे बघण्याची नजर बदलते.

ट्रान्सपोर्टने जात नाही असंही बरंच काही असतं, आणि तिथे नवीन माणूस हमखास फसतो. जीएसटीचंच घ्या. ३ सप्टेंबर २०२५ ला कौन्सिलने नवे दर जाहीर केले, लागू होणार होते २२ सप्टेंबरपासून. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंसाठी गेले, ५ आणि १८ उरले. हाताशी अठरा दिवस, त्यात ६ तारखेला अनंत चतुर्दशी. बाहेरच्याला वाटतं, एक आकडा तर बदलायचा. पण दर कंडिशन रेकॉर्डमध्ये, म्हणजे किंमत-कराच्या मुदतीसह केलेल्या नोंदींमध्ये, असतात. तो मास्टर डेटा, म्हणजे सेटिंग नव्हे तर भरलेली माहिती, त्यामुळे प्रत्येक सिस्टिममध्ये वेगळा भरावा लागतो. जुन्या नोंदीची मुदत २१ ला संपवायची, नवी २२ पासून चालू करायची. क्वालिटीला तपासलं म्हणजे प्रॉडक्शनला बरोबर भरलं असं नाही, कारण भरणारा माणूस वेगळा आणि एक्सेलही वेगळी.

खरी गंमत मधल्या ऑर्डरींची. ऑर्डर २० तारखेची, माल निघणार २३ ला. बिलात किंमत ऑर्डरमधून उचलली जाते, पण कर पुन्हा काढायचा की नाही हे कॉपी कंट्रोलमधला (एका कागदातून दुसऱ्यात काय उचलायचं ते ठरवणाऱ्या सेटिंगमधला) प्राइसिंग टाइप ठरवतो. 'जी' असेल तर किंमत तीच राहून कर नव्याने निघतो. 'डी' असेल तर सगळं जसंच्या तसं येतं, जुन्या करासकट. आमच्याकडे एक कमी वापरातला ऑर्डर टाइप 'डी'वर होता आणि बरीच वर्षं कुणाचं काही अडलं नव्हतं. २१ आणि २२ अशा दोन्ही तारखांची बिलं प्रत्येक ऑर्डर टाइपवर काढून पाहायची, असा हट्ट अकाउंट्सच्या एका मॅडमनी धरला, म्हणून तो सापडला. तिथे मी फक्त मान डोलावत होते, हे कबूल करते. जुन्या बिलांवरच्या क्रेडिट नोटचा कर मात्र जुन्याच दराने जायला हवा, तो नव्याने निघून चालत नाही. म्हणजे 'सगळीकडे जी टाका' हेही उत्तर नव्हतं.

तुम्ही कॉमर्सचे असाल तर हीच तुमची जागा आहे. ऑर्डरपासून पैसे जमा होईपर्यंतचा प्रवास एकदा कागदावर काढा: ऑर्डर, डिलिव्हरी, चलान, बिल, वसुली. प्रत्येक टप्प्यावर कुठला कागद तयार होतो आणि तो कुणाच्या हातात जातो, तेही लिहा. हे येणारा मुलगा मला दोन सर्टिफिकेटवाल्यापेक्षा उपयोगी वाटतो. आयटीआयएल फाउंडेशन (आयटी सेवा सांभाळण्याच्या पद्धतींचं प्राथमिक सर्टिफिकेट) करायला हरकत नाही, शब्द कळतात. फी भरून 'शंभर टक्के प्लेसमेंट'वाल्या क्लासला जाण्याआधी मात्र तिथून लागलेल्या दोघांशी स्वतः बोला.

एखादी गोष्ट कुठे कुठे वापरली आहे ते दाखवणारी सिस्टिममधली व्हेअर-यूज्ड यादी फक्त सिस्टिमच्या आतलं सांगते. एकदा आम्ही एका रिपोर्टच्या मधोमध नवा कॉलम घातला. यादीप्रमाणे कुणालाच धक्का नव्हता. पण अकाउंट्समधले एक काका तो रिपोर्ट उतरवून स्वतःच्या एक्सेल मॅक्रोत टाकायचे, आणि मॅक्रो सातवा कॉलम म्हणजे रक्कम समजायचा. पाच तारखेला ताळा जमेना तेव्हा पत्ता लागला. आता नवा कॉलम कायम शेवटी.

महिनाअखेर आणि मार्चअखेर बदल बंद असतात, त्याबद्दल वाद घालू नका. शुक्रवारी रात्री मोठा बदल नेण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, मला ती आवडत नाही. शनिवारी गोडाऊन चालू असतं आणि आमची माणसं गावाला गेलेली असतात. मला मंगळवारची रात्र बरी वाटते.

सध्या काम वाढलंय त्याचं एक कारण म्हणजे ईसीसी या सॅपच्या जुन्या आवृत्तीचा नेहमीचा मेंटेनन्स २०२७ अखेर संपतोय, आणि कंपन्या एस-फोर-हाना या नव्या आवृत्तीकडे निघाल्यात. अशा काळात दोन रुळ एकाच वेळी चालतात. जुन्यावर रोजच्या दुरुस्त्या, नव्यावर प्रकल्प. जुन्यावरची प्रत्येक दुरुस्ती नव्यावरही करावी लागते, तिला रेट्रोफिट म्हणतात. हे कंटाळवाणं, मोजदादीचं काम फ्रेशरकडे येतं. नाक मुरडू नका. सहा महिन्यांत कंपनीतला प्रत्येक बदल तुमच्या डोळ्याखालून जातो.

गाड्या अडल्या त्यानंतर महिनाभराने, दोन्ही रिक्वेस्ट नीट क्रमाने चढल्यावर, मी भिवंडीला गेले. चलान छापणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर धुळीने भरलेला, वर पत्र्याचं छत, गेटवर वॉचमनचं टेबल. आम्ही एवढा घोळ घालून आणलेला गाडी नंबराचा रकाना चलानावर छापून येत होता. पण ट्रान्सपोर्टर ऐनवेळी गाडी बदलतो, म्हणून वॉचमन तो नंबर पेनाने खोडून शेजारी खरा लिहीत होते. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "ताई, मोकळा ठेवा ना तो चौकोन. खोडायचं तरी वाचेल."