सोलापूरच्या काळ्या रानात गाजर लावताय? या चुका टाळा

गाजर उपटलं आणि ते दोन पायांचं, केसाळ, नाहीतर बोटभर निघालं, की पहिला संशय बियाण्यावर जातो. बहुतेक वेळा बियाणं निर्दोष असतं. गाजराचं बरंवाईट पेरणीआधी आणि उगवणीनंतरच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत ठरून जातं. काढणीला ते फक्त दिसतं.

ढेकळं मोडायचा कंटाळा

मालदांडी ज्वारी ज्या भारी काळ्या रानात जोमात येते, ते रान गाजराला जसंच्या तसं मानवत नाही. ही माती ओली असताना चिकट, वाळली की टणक, आणि मग भेगाळते. गाजराचं सोटमूळ आधी खाली लांब जातं, जाड व्हायला नंतर लागतं. त्या वाटेत ढेकूळ, खडा किंवा मागच्या पिकाचं धसकट आडवं आलं, की मुळाचं टोक दुखावतं आणि बाजूने फाटे फुटतात. मुरमाड रानात खड्यांमुळे हेच होतं.

वाफसा आल्यावर, म्हणजे जादा ओल उतरून माती हाताला चिकटेनाशी झाली की, 30 सेंमी खोल खणा, ढेकळं हाताने फोडा, खडे वेचा. 1 मीटर रुंद आणि 20 ते 25 सेंमी उंच गादीवाफा करा. चौरस मीटरला 2 ते 3 किलो शेणखत पुरे, पण ते पूर्ण कुजलेलं हवं: हातात घेतल्यावर शेणाचा वास येता कामा नये. अर्धवट कुजलेल्या खताने मुळांना फाटे फुटतात आणि त्यांवर केस येतात. युरियाचा हात सैल सोडला तर पाला कमरेला लागतो आणि खाली गाजर शेंगेएवढं राहतं. चिकट मातीत दोन घमेली वाळू टाकून फरक पडत नाही. तिथे चाळलेलं कंपोस्टच लागतं. गच्चीवर लावायचं तर पोतं किंवा ड्रम किमान 35 सेंमी खोल घ्या.

पाण्याचंही बघा. गाजराला क्षार अजिबात सोसत नाहीत. वाफ्याच्या कडेला पांढरा थर धरत असेल, तर त्या बोअरच्या पाण्यावर गाजराचा आग्रह धरू नका.

पेरणीची वेळ

मुळाला रंग आणि गोडी चढते ती साधारण 15 ते 22 अंशांत. सोलापुरात अशी हवा थोडेच दिवस मिळते, तेही रात्री आणि सकाळी. म्हणून परतीचा पाऊस ओसरला की पेरा. नोव्हेंबरअखेरपर्यंत उरकलं पाहिजे. भोगीला घरचं गाजर हवं असेल तर 10 ते 15 ऑक्टोबरदरम्यान पेरा, 90 दिवसांचं वाण बरोबर हाताशी येतं. डिसेंबर संपताना पेरलेलं गाजर मार्चच्या उन्हात सापडतं आणि फिकट, दोरेदार होतं. लवकर पेरायचं असेल तर पुसा मेघालीसारखं उष्णता सोसणारं वाण घ्या. नान्टेस वाणाला थंडी लागते, ते नोव्हेंबरात बरं.

बी उगवलंच नाही

सर्वांत जास्त तक्रार हीच, आणि काळ्या मातीत तिचं कारण बहुतेक वेळा एकच: वरचा पापुद्रा. बी बारीक, अंकुर नाजूक, आणि उगवायला 8 ते 15 दिवस लागतात. एवढ्या दिवसांत मातीवर पाणी जोरात पडलं आणि वर ऊन लागलं, की पापुद्रा धरतो आणि अंकुर खालीच गुदमरतो. 3 सेंमी खोल गेलेलं बीही वर येत नाही.

बी तळहातावर चोळून त्याची कुसं काढा, रात्रभर भिजवा, सावलीत सुकवून दहापट कोरड्या बारीक वाळूत मिसळा. 3 चौरस मीटरच्या वाफ्याला 2 ते 3 ग्रॅम बी पुरतं. 30 सेंमी अंतरावर 1 सेंमी खोल रेघा ओढा, बी पसरा आणि वरून मातीऐवजी चाळलेलं कंपोस्ट झाका. त्यावर ओलं गोणपाट किंवा उसाच्या पाचटाचा पातळ थर घाला. झारीने रोज हलकं पाणी द्या आणि पहिला अंकुर दिसताच झाकण काढा. दोन दिवस उशीर झाला तरी रोपं पिवळी, लुळी पडतात. ओळीत अधूनमधून मुळ्याचं बी टाकावं. मुळा चार-पाच दिवसांत उगवतो, पापुद्रा फोडतो आणि गाजराची ओळ कुठे आहे तेही दाखवतो.

ती ओळ दिसणं का महत्त्वाचं? गाजराची पहिली दोन पानं पिसासारखी नसतात. ती लांबट, अरुंद, गवताच्या पात्यासारखी असतात. कातरलेलं पान त्यांच्या मध्यातून नंतर निघतं. पहिल्या खुरपणीत कित्येक वाफे तण समजून साफ होतात.

ट्रेमध्ये रोपं करून लावणं ही आणखी एक चूक. सोटमूळ वळतं आणि गाजर वाकडंच होतं.

विरळणी आणि पुढचं

रोपं 5 ते 7 सेंमी उंच झाली की जादा रोपं उपटून दोन रोपांत 5 ते 8 सेंमी अंतर ठेवा. हात आखडतो, पण दाटीत एकही गाजर पोसत नाही. विरळणी पाणी दिल्यावर करा, म्हणजे शेजारचं मूळ हलत नाही. गाजराचा माथा वर दिसू लागला की मातीची भर द्या, नाहीतर उन्हाने तो हिरवा, कडवट होतो. रान वाळवून एकदम भरपूर पाणी दिलं तर गाजर उभं तडकतं. आधीच्या वांग्या-टोमॅटोच्या मुळांवर गाठी होत्या, तर त्या जागी सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे बारीक किडे, आहेत. गाजर दुसरीकडे लावा.

माथा 2.5 ते 4 सेंमी जाड झाला की काढा. जास्त ठेवलं तर मधला दांडा लाकडासारखा होतो. काढल्याबरोबर पाला छाटा, तो मुळातलं पाणी ओढतो. केळी, सफरचंदांजवळ ठेवू नका. पिकणाऱ्या फळांच्या वायूने गाजर कडू होतं.

स्वयंपाकात काय बिघडतं

हलवा पाणीदार होतो, कारण साखर लवकर पडते. 1 किलो लाल गाजराचा जाड कीस 4 चमचे तुपात 8 ते 10 मिनिटं परता, 1 लिटर तापवलेलं दूध घालून आटवा. दूध पूर्ण आटल्यावरच 200 ते 250 ग्रॅम साखर घाला. ती पुन्हा पाणी सोडते, तेवढं आटलं की झालं. किसताना मधला फिका दांडा सोडून द्या. कोशिंबिरीत मीठ अगदी वाढताना घाला. भोगीच्या भाजीत पावटा, हरभरा अर्धे शिजल्यावर गाजराच्या जाड फोडी घाला आणि वांगं सर्वांत शेवटी, नाहीतर सगळ्याचा लगदा होतो.

फायद्याबद्दलचे गैरसमज

गाजरातलं बीटा कॅरोटीन तेला-तुपातच नीट शोषलं जातं आणि थोडं शिजवल्यावर जास्त मिळतं. त्यामुळे नुसता कच्चा रस पिण्यापेक्षा फोडणीची, शेंगदाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर उजवी. रस गाळला की चोथाही जातो. 100 ग्रॅम गाजरात सुमारे 40 कॅलरी असतात, पण ते हलव्याच्या वाटीला लागू नाही. गाजराने चष्म्याचा नंबर उतरत नाही. अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने आलेल्या रातांधळेपणात मात्र ते खरंच उपयोगी आहे, अर्थात उपचार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

आठवडेच्या आठवडे भरपूर गाजर खाल्लं तर तळहात, तळपाय पिवळसर होतात. प्रमाण कमी केलं की रंग हळूहळू जातो. डोळ्यांचा पांढरा भागही पिवळा दिसू लागला, तर तो गाजराचा रंग नाही. कावीळ तपासायला लगेच डॉक्टरकडे जा.